साडभाऊंचे काजळीशास्त्र

वर्धा जिल्ह्यात थोर माणसे पुष्कळ होऊन गेली. काही इथे जन्मली, काही बाहेरून येऊन इथली झाली. त्यांच्या नावाचे चौक आहेत, फलक आहेत, वाचनालयात कपाटे आहेत. परंतु यंत्राबरोबर खोक्यात येणारी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, तळटिपांसकट वाचणारा मनुष्य या जिल्ह्याने एकच दिला, आणि ते माझे साडू आहेत. मोटारींच्या बाबतीत आमच्या सासरच्या सगळ्या कुटुंबांत त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. त्यांना मोटार चालवता येत नाही.

आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. हे थोरले, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. देवळीला बसस्टँडच्या मागे त्यांचे ठिबक सिंचनाच्या सामानाचे दुकान आहे. गाडी चालवायला ते एकदा शिकायला गेले होते. शिकवणाऱ्याने क्लच दाबा म्हटल्यावर त्यांनी क्लच दाबला की आत नेमके काय होते, असे विचारले. शिकवणारा म्हणाला, उद्या सांगतो. उद्या त्याने सांगितले नाही, म्हणून परवा हे गेले नाहीत. या गोष्टीला तीस वर्षे झाली. दरम्यान क्लचच्या आत काय होते ते त्यांनी स्वतः वाचून काढले, आणि ते कळल्यावर चालवण्याची गरज उरली नाही असे त्यांचे मत पडले.

वाचनाचा हा नाद सर्वव्यापी आहे. आम्ही नवा मिक्सर घेतल्यावर महिन्याभराने ते सहज चहाला आले होते. पुस्तिका हातात पडली आणि चहाचे जेवण झाले. हिंदी भाग संपवून ते इंग्रजीत शिरले, कारण दोन भाषांत दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि खरे काय ते फटीत सापडते, असा त्यांचा सिद्धांत. निघताना माझ्या बायकोला त्यांनी शांतपणे सांगितले की चटणीचे भांडे तू आजवर उलट्या दिशेने बसवत आलीस. ती म्हणाली, पण चटणी तर होते. ते म्हणाले, "होते. पन मशीनले दुःख होते."

त्यांचा दुसरा गुण म्हणजे कोणत्याही काट्यावर त्यांचा विश्वास नाही. याला कारण धंदा. ठिबकचे पाणी शेतातल्या नळ्यांत जाण्याआधी फिल्टरमधून जाते. फिल्टरच्या अलीकडे एक दाब दाखवणारा काटा असतो, पलीकडे एक. दोन्ही सारखे असले तर फिल्टर मोकळा. अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी, तर फिल्टर चोंदला. आता शेतकरी येऊन सांगतो की फिल्टर चोंदला, नवा द्या. दुसरा दुकानदार नवा देतो. आमचे साडभाऊ विचारतात, "पंप बंद असतानी दोन्ही काटे शून्यावर येतात का?" बहुतेकदा एक काटा पंप बंद करूनही दीडवर अडकून बसलेला असतो. मग हे काटा बदलून देतात आणि एका फिल्टरची विक्री बुडवून अतिशय समाधानाने गल्ल्यावर येऊन बसतात. मागे माझे ब्लडप्रेशर जास्त निघाले तेव्हा हे सोबत होते. त्यांनी डॉक्टरांना विनंती केली की त्याच यंत्रावर आधी स्वतःचे मोजून पाहा. डॉक्टर भिडस्त होते, त्यांनी मोजले. त्यांचे माझ्याहून अधिक निघाले. यंत्र बदलून पाहिले तरी तेच. तेव्हापासून मी आणि डॉक्टर एकच गोळी घेतो.

तिसरा गुण सांगताना मला थोडे जपून लिहावे लागेल, कारण त्यापायी एक सोयरीक मोडता मोडता राहिली. उभ्या असलेल्या मोटारीच्या मागच्या नळीत पांढऱ्या रुमालात गुंडाळलेले बोट घालून फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रुमालावर जे उमटते त्यावरून ते गाडीची प्रकृती सांगतात: कोरडी काळी भुकटी म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे, ओशट काळे म्हणजे इंजिन ऑइल पीत आहे, वगैरे. एका भाचीच्या साक्षगंधाला पाहुण्यांच्या पाच गाड्या दारात लागल्या. मंडळी आत सुपारी फोडत होती आणि हे बाहेर एकेका गाडीमागे वाकलेले. आत येऊन त्यांनी मुलाच्या काकांना सर्वांदेखत विचारले की ऑइल बदलून किती वर्षे झाली. काकांनी पाणी मागितले. पुढे ते लग्न झाले, चांगले चालले आहे, आणि काका अजून ऑइल बदलत नाहीत अशी बातमी आमच्या साडभाऊंकडे आहे.

असा हा मनुष्य, आणि गेल्या कापसाच्या दिवसांत आमच्या सासऱ्यांच्या गाडीतला एक पिवळा दिवा.

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, निवृत्त मुख्याध्यापक. वय अठ्ठ्याहत्तर. पिपरी मेघेला एकटे राहतात. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुण्याच्या मेहुण्याने, अडीच वर्षांपूर्वी त्यांना टर्बो पेट्रोल गाडी घेऊन दिली. ज्या वेगाने मामाजी गाडी चालवतात त्या वेगाला टर्बोची आवश्यकता का होती, हे मी तेव्हाही विचारले नव्हते. तर या गाडीत एके सकाळी पिवळा दिवा लागला, गाडी चढावर दमायला लागली, आणि वर्कशॉपमधल्या सल्लागाराने हातातल्या टॅबलेटवर बघत सांगितले की धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर चोंदला आहे, पूर्ण बदलावा लागेल. मेहुण्याला फोनवर हे कळले. तो म्हणाला, बदलायचे नाही, विकूनच टाकू. बाबांनी या वयात गाडी चालवूच नये, हे मी कधीचे म्हणतो आहे. एका ओळखीच्याशी त्याने बोलणीही करून टाकली. रविवारी येतो आणि सोपवतो. त्या दिवशी मंगळवार होता.

 मामाजींनी फक्त आपल्या थोरल्या जावयाला देवळीला फोन केला आणि शुद्ध मराठीत सांगितले, "जावईबापू, आपल्या शास्त्राची गरज पडली आहे."

साडभाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आले. येताना त्यांनी मामाजींच्या गाडीची पुस्तिका वाचून आणली होती असे नाही. ती त्यांनी गाडी घेतली तेव्हाच वाचली होती. हा काजळीचा प्रकार काय तो त्यांनीच मला समजावून सांगितला. मी आजवर असे धरून चाललो होतो की काजळी ही डिझेलची मिरासदारी. पण नव्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोल थेट इंजिनच्या पोटात फवारतात, त्याने ताकद येते आणि जोडीने डोळ्याला न दिसणारी बारीक काजळीही येते. ती हवेत जाऊ नये म्हणून नळीत जाळीदार मातीचा फिल्टर बसवतात. काजळी त्यात साठते. साठली की ती आतल्या आतच जळून जावी अशी योजना असते, आणि जळायला दोन गोष्टी लागतात: भरपूर उष्णता आणि मोकळी हवा. "चुलीसारखंच हाये," ते म्हणाले. "फक्त फुंकनी आपल्या हातात नाई."

वर्कशॉपमध्ये त्यांनी सल्लागाराला एकच प्रश्न विचारला. गाडीतही फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. तर इंजिन बंद असताना तो किती दाखवतो? सल्लागार म्हणाला, हे आमच्या प्रोसिजरमध्ये नाही. साडभाऊ खुर्ची घेऊन बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि शेजारी उभ्या असलेल्या तीन अनोळखी गाड्यांकडे प्रेमाने पाहिले. सल्लागाराला काय वाटले कोण जाणे, त्याने यंत्र जोडले. इंजिन बंद, आकडा शून्य. सुरू केल्यावर चढला, आणि जितका चढायला नको तितका चढला.

"काटा खरा हाये," साडभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका विषाद होता की सल्लागारच त्यांचे सांत्वन करायला लागला. आयुष्यभर काट्यांचे खोटे पकडलेल्या माणसाला नेमका घरच्या प्रकरणात प्रामाणिक काटा भेटावा, हे मलाही थोडे कठोर वाटले.

पण ते खचले नाहीत. सेन्सरच्या दोन्ही नळ्या त्यांनी तपासून घेतल्या. आमच्याकडे शेतातल्या नळ्या खारी कुरतडतात, गाडीतल्या उंदीर. दातांची खूण नव्हती. मागच्या नळीत रुमाल फिरवला, तो देवळातल्या पुजाऱ्याच्या पंच्यासारखा स्वच्छ निघाला, म्हणजे फिल्टर फुटलेला नव्हता. फुटका फिल्टर काजळी अडवत नाही. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच होते. पेट्रोलचे फवारे ठीक. सल्लागार म्हणाला, मग बदलायचाच ना? साडभाऊ म्हणाले की गाडीचा तपास संपला, आता मालकाचा राहिला.

हा त्यांचा चौथा गुण. ते फिल्टर तपासतात तेव्हा शेतकऱ्यालाही तपासतात: पाणी विहिरीचे की कॅनॉलचे, फिल्टर धुतो कोण, तो भांडून नागपूरला तर गेला नाही? त्या संध्याकाळी पिपरी मेघेच्या घरात त्यांनी वही उघडली आणि मामाजींना समोर बसवले. मुख्याध्यापकाची तोंडी परीक्षा मी प्रथमच पाहत होतो.

गाडी रोज सुरू करता का? मामाजी म्हणाले, रोज. सकाळी सहाला सुरू करून दहा मिनिटे अंगणात तशीच ठेवतो, यंत्राला व्यायाम. साडभाऊंनी लिहून घेतले. मग कुठे जाते? दूध केंद्रापर्यंत. ते आठशे मीटर आहे. परत. संध्याकाळी वाचनालय, तेही तेवढेच. गिअर? दुसरा, क्वचित तिसरा. चौथ्याची वेळ हल्ली येत नाही. आणि उतार लागला की काय करता?

"न्यूट्रल," मामाजी म्हणाले, आणि ताठ बसले. "चाळीस वर्षांत मी उतारावर पेट्रोल जाळलेले नाही."

साडभाऊंनी पेन खाली ठेवले. त्यांचा चेहरा उजळत गेला. हरवलेली म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात ओळखू यावी तसा.

त्यांनी जे सांगितले ते मामाजींनी प्रथम मान्य केले नाही आणि पुस्तिकेतील पृष्ठ क्रमांक मागितला. तो मिळाला. मुद्दा असा होता की उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून नुसता पाय काढला तर आजचे इंजिन पेट्रोल आपोआप बंद करते आणि कोरी हवा ओढून फिल्टरमधून सोडते. त्या हवेवर काजळी पेटते. न्यूट्रल केले की इंजिन जिवंत राहण्यापुरते पेट्रोल पीत बसते, आणि हवा काही मिळत नाही. म्हणजे मामाजींनी वाचवलेला प्रत्येक थेंब जळलाच होता, शिवाय फुंकणी चुलीपासून दूर ठेवली होती. सकाळचा व्यायामही काजळी साठवणारा. आमच्या भागात निम्म्या जिल्ह्याला ही न्यूट्रलची विद्या येते, बाप मुलाला शिकवतो, आणि ती नव्या गाडीच्या मुळावर येते हे शोधून काढायला पाइपांचा दुकानदार लागला.

"पन मामाजी," साडभाऊंनी पुन्हा वही ओढली, "दोन वर्षं त दिवा लागला नाई. आता काऊन लागला? गाडी शेवटची लांब कवा गेलती?"

मामाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "ही होती तेव्हा. हिंगणघाटला तिच्या बहिणीकडे जायचो, दर आठवड्याला. तिला खिडकी उघडी लागायची."

सासूबाईंना जाऊन त्या वेळी वर्ष होत आले होते. साडभाऊंनी ते वहीत लिहिले नाही. फक्त म्हणाले की शनिवारी सकाळी केळझरला जाऊ, रस्ता चांगला आहे. आणि गाडी मामाजी चालवतील.

मी बाजूला घेऊन त्यांना विचारले की मी चालवतो, धोका कशाला? ते म्हणाले, "तुमी चालवसान त फिल्टर साफ होईल, भाऊ. मामाजीची गाडी जाईल ते जाईलच. रविवारी पोरगा काय फिल्टर इकाले येऊन राह्यला का?"

शनिवारी आम्ही निघालो. मामाजी इस्त्रीच्या सदऱ्यात, साडभाऊ त्यांच्या शेजारी पुस्तिका मांडीवर घेऊन, मी मागे. पवनारपर्यंत मामाजी तिसऱ्यात होते. तिथे त्यांना चौथा लागला आणि मी मनातल्या मनात दिनांक नोंदवला. सेलूच्या अलीकडे पहिला मोठा उतार आला, मामाजींचा हात सवयीने गिअरवर गेला, तर तिथे आधीच साडभाऊंचा तळहात होता. "पाय काढा फक्त," ते म्हणाले. मामाजींनी पाय काढला. गाडी घुमत, हवा ओढत उतरली. असे पुढच्या प्रत्येक उतारावर झाले. चाळीस वर्षांचा हात चुकत नव्हता, तळहातही नाही.

मग आमच्यापुढे कापसाने भरलेला एक मेटॅडोर आला, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर फुगलेला, वेग बैलाचा. साडभाऊ अस्वस्थ झाले. या वेगाने नळी थंड पडेल, केलेले सगळे वाया जाईल. पण पुढे जा असे ते म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही. मामाजींनी आरशात पाहिले, डावीकडचा आरसाही पाहिला, समोरून एक ट्रक येत होता तो जाऊ दिला, मग इशारा दिला, हॉर्न दिला, गिअर एक खाली घेतला, आणि टर्बोला अडीच वर्षांनी कळले की आपण टर्बो आहोत. कापसाची ती भिंत डाव्या काचेवरून सरकून गेली. मामाजींनी गाडी पुन्हा आपल्या बाजूला घेतली आणि इशारा बंद केला.

"वर्गात मागच्या बाकावर असे एक-दोन असतातच," ते म्हणाले. त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली. डिसेंबरची थंडी होती. ती वर करा असे कुणी म्हटले नाही.

परत येताना दिवा केव्हा विझला हे सांगता येत नाही. साडभाऊ पुस्तिकेत होते आणि मामाजी आम्हाला दशमान पद्धतीचा इतिहास सांगत होते. पवनारच्या पुलावर माझे लक्ष गेले तेव्हा तो नव्हता. साडभाऊंनी अर्थातच विश्वास ठेवला नाही. सल्लागाराकडे जाऊन आकडा पाहिला. उतरला होता. सल्लागाराने विचारले, काय केले? साडभाऊ म्हणाले, "केळझरले गेलतो." सल्लागाराने टॅबलेटवर काहीतरी लिहिले आणि अंमळ आदराने मान हलवली. त्याने काय लिहिले याची मला अजून उत्सुकता आहे.

रविवारी मेहुणा आला. दिवा गेल्याचे त्याने ऐकून घेतले आणि जे खरे होते ते बोलला: प्रश्न दिव्याचा नव्हताच, बाबांच्या वयाचा आहे, मी तिकडे असतो, रोज रात्री मला भीती वाटते. तो वाईट बोलत नव्हता. मामाजी खिडकीबाहेर बघत होते. मग साडभाऊंनी वही उघडून वाचायला सुरुवात केली. शनिवारचा प्रवास जाऊन-येऊन. हॉर्न किती ठिकाणी, ब्रेक किती ठिकाणी, कापसाची गाडी ओलांडताना आरसा दोनदा, इशारा वेळेवर, चूक नाही. न्यूट्रलचे प्रयत्न नऊ. ही चूक धरली आहे. पुढे त्यांनी लिहिलेला शेरा होता.

"गाडी बरी हाये. मालक बरा हाये. दोघायले बी लांब जाऊ द्या लागते," त्यांनी वाचले, आणि वही मिटून मेहुण्याला म्हणाले, "भीती वाटते ना तुले? मंग हा भीतीचा काटा बदल. गाडी नको बदलू."

मेहुण्याने वही मागून घेतली आणि शेरा स्वतः वाचला. शेवटी म्हणाला, बरं. पण आठवड्यातून एकदाच, दिवसाउजेडी, आणि बाबा एकटे नाहीत. भाऊजी, तुम्ही सोबत. अशा रीतीने आमच्या साडभाऊंना त्यांच्या निदानाची शिक्षा झाली. ते दर शनिवारी दुकान उशिरा उघडतात.

या गोष्टीला काही महिने झाले. मामाजी आयुष्यभर देव न मानणारे म्हणून पिपरी मेघेत प्रसिद्ध होते, त्यामुळे दर शनिवारी इस्त्रीच्या सदऱ्यात केळझरच्या गणपतीला जाणारे मुख्याध्यापक हा तिथे आदराचा विषय झाला आहे. बायको गेल्यावर माणूस वळतो, असे लोक हळू आवाजात म्हणतात. मी एकदा सोबत गेलो होतो.  मामाजींची काच खाली असते. उतारावर अजूनही हात गिअरकडे जातो, आणि तळहात तिथे असतो. मला वाटते आता तो उताराच्या थोडा आधीच तिथे जाऊन थांबतो, आणि उतार संपल्यावरही थोडा वेळ दोघांपैकी कुणी हात काढत नाही.

केळझरचे देऊळ टेकडीवर आहे, पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि दोघांचेही गुडघे गेलेले आहेत. ते पायथ्याशी गाडी वळवतात आणि परत येतात.